डाव्या पायाचा गुन्हा

गाडी गॅरेजच्या दारात थांबली की मिस्त्री बोनेटकडे बघत नसे. तो बूट बघे. गिऱ्हाईक दार उघडून उतरेपर्यंत हातातलं फडकं घोळवत उभा राहायचा, डावा पाय बाहेर आला की त्यावर नजर रोवायचा, आणि मग सावकाश वर चेहऱ्यापर्यंत यायचा. तेवढ्यात गिऱ्हाईक निम्मं खचलेलं असे.

त्याच्या मते क्लच कधी खराब होत नाही, माणसं खराब असतात. टायर झिजतो, बॅटरी मरते, त्यात कोणाचा दोष नाही. पण क्लच जळाला तर तो कोणीतरी जाळलेला असतो, आणि जाळणारा आपल्याच पायांनी चालत गॅरेजमध्ये येतो.

त्या शुक्रवारी सकाळी ग्रंथालयातला कारकून आला. किडकिडीत, चष्मेवाला, आवाज असा दबका की जणू शेजारी कोणी वाचत बसलंय. चार वर्षांतली ही त्याची तिसरी खेप.

"मिस्त्री, चढावर गाडी नुसती ओरडते हो. पुढे जातच नाही."

"ओरडेल नाही तर काय? तुम्ही तिच्या उरावर पाय देऊन बसलाय. तुमच्या उरावर कोणी बसलं तर तुम्ही काय गाणं म्हणाल?"

"मी पाय ठेवत नाही हो."

"सगळे हेच म्हणतात. आजवर एक माणूस मला सांगायला आला नाही की मिस्त्री, मी पाय ठेवतो."

तो गाडीत बसला. हँडब्रेक वर ओढला, तिसरा गिअर टाकला, थोडा ॲक्सिलरेटर देऊन क्लच सोडला. क्लच धड असेल तर अशा वेळी इंजिन गचका खाऊन जागच्या जागी बंद पडतं. कारकुनाचं इंजिन बंद पडलं नाही. घुर्र करत आरामात चालत राहिलं.

"बघा. इंजिन फिरतंय, चाकं जागच्या जागी. मधला क्लच नुसता बसून पगार खातोय."

कारकुनाला ते आपल्यालाच म्हटल्यासारखं वाटलं असावं. तो चष्मा पुसायला लागला. "म्हणजे प्लेट गेली?"

"गेली नाही. घालवली. बूट दाखवा." कारकुनानं पाय पुढे केला. "तळ केवढा जाड आहे हा! यातून तुम्हाला पायाखाली आलेला दगड कळणार नाही, पेडल कुठून कळेल? पातळ तळाचे बूट घ्या. आणि पायाला शिस्त लावा. पुस्तकांना लावता ना, तशी."

कारकून मान हलवून गेला. मिस्त्रीनं त्याची गाडी कोपऱ्यात ढकलली आणि जरा बऱ्या मनानं चहा प्यायला.

क्लचचं दुखणं ओळखण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, हे मात्र खरं. पेडल दाबल्यावर आवाज आला तर बेअरिंग, सोडल्यावर आला तर गिअरबॉक्स. रिव्हर्स टाकताना कर्र केलं तर क्लच पुरता सुटत नाही. गाडी उचलताना थरथरली तर प्लेटवर तेल उतरलंय. एवढं त्याला रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीच्या आवाजावरून कळायचं. आणि शेवटी त्याला चालवणाऱ्याचा पाय सापडायचाच.

त्याच्या हाताची एक खूणही होती. त्यानं बांधलेला क्लच कडक असे. पेडल जरा दाबलं की गिअर पडला. ही गोष्ट त्याला उस्तादानं शिकवली होती, चाळीस वर्षांपूर्वी. पेडलपासून क्लचपर्यंत जाणारी नवी केबल महिन्याभरात ताणली जाते, म्हणून बांधतानाच ओढून बांधायची. मग ती आपोआप हवी तेवढी सैल पडते. मिस्त्री केबल ओढून नट आवळायचा आणि नटावर पिवळ्या रंगाचा एक ठिपका द्यायचा, अर्धा नटावर, अर्धा बोल्टवर. दुसऱ्या कोणी हात लावला तर ठिपका फुटलेला दिसे. रस्त्याच्या पलीकडे नवीन गॅरेज झालं होतं, तिथला पोरसवदा मिस्त्री क्लच ढिला ठेवायचा. गाडीला वायर लावून डबीत आकडे बघायचा आणि मग क्लच ढिला ठेवायचा. "डॉक्टर आहे तो," मिस्त्री म्हणायचा. "थर्मामीटर लावतो आणि गाडीला सांगतो, आराम कर." काही गिऱ्हाइकं इकडून प्लेट टाकून घेत आणि पुढची किरकोळ कामं पलीकडे करून घेत. त्यांच्या प्लेटी बऱ्याच टिकत. मिस्त्री म्हणे, ही माणसं मुळातच बऱ्या पायाची.

सगळ्यात वाईट पायाचं माणूस त्याच्या घरातच होतं. होतं म्हणजे, अकरा महिन्यांपूर्वीपर्यंत.

बायको शिवणकाम करायची. घराच्या पुढच्या खोलीत पायानं चालवायचं मशीन, आणि सकाळी सात ते संध्याकाळी सात त्याचा आवाज. गाडी तिचीच होती. दुकानांत कपडे पोचवायला तीच चालवायची. तिनं चार प्लेटी खाल्ल्या. मिस्त्रीच्या बायकोनं चार प्लेटी खाव्यात, याची त्याला लाज वाटे, आणि ती लाज तो गिऱ्हाइकांसमोर बोलून काढी. "माझ्या घरात बघा. बारा तास पाय मशीनवर. गाडीत बसली तरी पायाला वाटतं, शिवायचंय." ती तिथे डबा घेऊन आलेली असली तरी तो थांबत नसे. ती डबा ठेवून निघून जायची.

एकदाच ती म्हणाली होती, "मशीनच्या पट्ट्याला बोटभर ढील लागते. फार ओढला तर मशीन स्वतःलाच खातं. तुमच्या त्या क्लचच्या तारेला लागत नाही का ढील?"

"तू कॉलर बघ," तो म्हणाला होता. चारपाच जण हसले होते. त्यानंतर तिनं गॅरेजमधल्या कुठल्याच गोष्टीबद्दल तोंड उघडलं नाही.

दुपारी लेक आली. तिला तयार कपड्यांच्या कारखान्यात नोकरी लागली होती, मापं तपासायची. कॉलर दोन मिलिमीटरनं चुकली तरी ती अख्खा गठ्ठा परत पाठवणार. सोमवारपासून पहाटेची पाळी. कारखाना दुसऱ्या गावात, आणि त्या वेळी तिकडे जाणारी बस नाही.

"बाबा, गाडी काढा. सोमवारी मला निघायचंय."

"कुठली गाडी?"

"आपल्या दारात ताडपत्रीखाली विमान आहे का दुसरं? आईची गाडी."

"ती तुला जमायची नाही."

"आईनं मला दिली आहे ती. तुमच्यासमोर म्हणाली होती, दवाखान्यात."

"गाडी दिली. पायही तिनंच दिलाय तुला. सहा महिन्यांत प्लेट जाळून येशील आणि ह्याच दारात उभी राहशील. लोक म्हणतील, आई तशी, लेक तशी."

लेकीनं पिशवी बाकावर ठेवली. आईसारखी ती गप्प बसणारी नव्हती. जीभ तिनं बापाची उचलली होती. "लोक काय म्हणतात ते तुम्हीच सांगत असता. लोकांना मी कधी बोलताना ऐकलं नाही. हे बघा, गाडी नाही तर नोकरी नाही. आणि नोकरी नाही तर मी इथेच बसेन, या बाकावर, रोज. चालेल?"

हे त्याला अजिबात चालण्यासारखं नव्हतं. त्यानं ताडपत्री काढली.

बॅटरी चार्ज केली, टायरांत हवा भरली. गाडी अकरा महिने उभी होती तरी तिसऱ्या फेऱ्यात सुरू झाली, आणि त्याचं श्रेय त्यानं लगेच स्वतःला घेतलं. लेक चालवायला बसली, तो शेजारी. गॅरेजमागे पाण्याच्या टाकीकडे जाणारा चढ होता. क्लचची सगळी तपासणी तो तिथेच करायचा.

निम्म्या चढावर इंजिन किंचाळलं आणि गाडी रेंगाळली. जळक्या दोरखंडासारखा वास आत आला.

"पाय काढ!"

"पाय खालीच आहे."

"काढ म्हणतो ना!"

"बाबा, बघा तरी."

त्यानं वाकून बघितलं. तिचा डावा पाय पेडलच्या डाव्या बाजूला, टाच खाली टेकून, निवांत होता.

"आत्ता काढलास," तो म्हणाला.

लेकीनं गाडी कडेला घेतली आणि बंद केली. "बरं, माझा पाय राहू दे. मी आज पहिल्यांदा चढावर आले. प्लेट माझ्या येण्याआधीच गेली आहे. कोणी घालवली?"

"कोणी म्हणजे? तुझ्या आईनं. दुसरं कोण? ती गेली तरी तिची..." वाक्य अर्ध्यावर त्याच्याच कानाला लागलं. त्यानं खिडकीची काच खाली केली.

"ही कितवी प्लेट?"

"पाचवी."

"कधी टाकली?"

प्लेटींच्या तारखा त्याला लोकांच्या वाढदिवसांपेक्षा चांगल्या पाठ असायच्या. "तुझी आई पहिल्यांदा दवाखान्यात गेली त्या आठवड्यात. लांबचं जाणं-येणं होणार म्हणून नवीन टाकली."

"त्यानंतर आईनं गाडी चालवली?"

त्यानं काच आणखी खाली केली.

"तिला स्टेअरिंग तरी धरवत होतं का? सात महिने, आठवड्याला तीन खेपा, कोणी चालवली गाडी?"

"माझा पाय पेडलवर कधीच नसतो," मिस्त्री म्हणाला. "कधीच. तू कोणालाही विचार."

"कोणाला विचारायला नको. मी मागे बसायचे. आई तुमच्या शेजारी. ती सगळी वाट तुमच्या पायाकडेच बघत असायची."

लेकीनं गाडी उतारानं गॅरेजपर्यंत आणली. मिस्त्रीला तो घाट आठवत होता, दवाखान्याच्या वाटेवरचा. तिसऱ्या की चौथ्या महिन्यात असाच वास आला होता. बायकोनं अंगावरची शाल नाकाला लावली होती आणि म्हणाली होती, "तुमचा पाय तर खाली आहे. मग वास कशाचा येतोय?"

"पुढच्या ट्रकचा," तो म्हणाला होता.

पुढे ट्रक होता. पण तो बराच लांब होता.

गॅरेजमध्ये आल्यावर तो जॅक आणायला मागे गेला. जॅक तिथेच जवळ होता, त्याला उगाच वेळ लागला. परत आला तर लेक ड्रायव्हरच्या बाजूला जमिनीवर उकिडवी बसलेली, मांडीवर गाडीबरोबर आलेलं पुस्तक उघडं, आणि हातात आईची शिवणाची टेप. पिवळी, कडा विरलेली, पहिले तीन आकडे पुसलेले. ते पुस्तक मिस्त्रीनं आजवर कधी उघडलं नव्हतं. पुस्तकं वाचून गाड्या दुरुस्त करणाऱ्यांना तो कंपाउंडर म्हणायचा.

"पेडल दाबलं की सुरुवातीला थोडं रिकामं जायला पाहिजे, असं लिहिलंय. जोर लागायच्या आधी. पंधरा ते पंचवीस मिलिमीटर."

"प्ले म्हणतात त्याला. मला शिकवू नकोस."

"शिकवत नाही, मोजतेय." तिनं टेप पेडलला लावली आणि दोन बोटांनी पेडल हलकेच दाबलं. लगेच जोर लागला. तिनं परत दाबलं. "शून्य."

"मीच तसा बांधतो. ओढून. महिन्याभरात केबल ताणते आणि प्ले आपोआप येतो."

"किती महिने झाले?"

सात आणि अकरा, अठरा. त्यानं हिशेब तोंडानं केला नाही. बोनेट उघडून हातात विजेरी धरून वाकला आणि केबलच्या टोकाचा नट चिंधीनं पुसला. पिवळा ठिपका होता. अर्धा नटावर, अर्धा बोल्टवर, एका रेषेत, काल दिल्यासारखा. नटाला कोणी हात लावला नव्हता. त्यानं केबल चिमटीत धरून हलवली. ती सतारीच्या तारेसारखी ताठ होती. अठरा महिन्यांत ती केसभरही ताणली नव्हती.

"उस्तादाच्या वेळच्या केबली ताणायच्या," तो बोनेटखालूनच म्हणाला. "आठ दिवसांत लोंबायच्या."

"आणि आताच्या?"

आताच्या केबली कशा असतात हे त्यानं हातात घेऊन हजार वेळा बघितलं होतं. जाड, आतून पातळ नळी घातलेल्या, वरचं आवरणही चांगलं. त्या चांगल्या आहेत हेही तो म्हणायचा. नुसतं त्या ताणतात की नाही, हे एकदाही बघितलं नव्हतं.

"खोलल्याशिवाय मी काही बोलणार नाही," तो म्हणाला.

गिअरबॉक्स उतरवायला संध्याकाळ झाली. लेकीनं कुठला पाना कुठे ठेवला ते विचारत, टोमणे मारत, खालून जॅक धरला. एरवी तो अशा वेळी शिव्या देत असतो. आज त्याच्या तोंडातून फक्त "जरा डावीकडे" आणि "धर" एवढंच निघत होतं. प्लेट बाहेर आली तेव्हा ती रिबिटांपर्यंत घासलेली होती, चारी बाजूंनी सारखी. तिला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटच्या पात्यांवर आत एक गोल चकचकीत कडं उमटलं होतं. पेडल दाबलं की पात्यांना रेटणारं बेअरिंग तिथे कायम टेकून घासत राहिल्याची खूण. पेडल सोडलेलं असताना बेअरिंगनं पात्यांना शिवायचंही नसतं.

अशी कडी त्यानं शेकड्यांनी बघितली होती. गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरून दाखवली होती. हा बघा तुमचा पाय, इथे छापलाय.

"हे कशानं होतं?" लेकीनं विचारलं.

"पाय ठेवल्यानं."

"आणि?"

"आणि प्ले नसला तर." त्यानं प्लेट फडक्यावर ठेवली. "दोन्हीनं अगदी सारखंच दिसतं. त्यात प्लेट जसजशी झिजते तसतसा प्ले आणखी कमी होतो. म्हणजे मुळातच शून्य असला तर पाय नसतानाही क्लच थोडा दाबलेलाच, आणि मग..." पुढचं त्यानं हातानं दाखवलं, एक तळवा दुसऱ्यावर घासत.

हे सगळं त्याला माहीत होतं. कोणी विचारलं असतं तर त्यानं परीक्षेतल्यासारखं घडाघडा सांगितलं असतं. पलीकडच्या पोराला माहीत होतं, पुस्तकात छापलं होतं, आणि घरात मशीनवर बसलेल्या बाईला पट्ट्यावरून कळलं होतं. एकटा हा शहाणा लोकांचे बूट बघत बसला होता.

तरी माणूस सहजासहजी सुटत नाही. शनिवारी सकाळी नवी प्लेट बसवताना त्यानं शेवटची एक फट शोधली. "ही पाचवी माझी. धर. पण आधीच्या चार? तेव्हा चालवायची तीच. तिचा पाय नव्हताच, असं कशावरून? दोन्ही असेल. माझा प्लेही आणि तिचा पायही."

"असेल," लेक म्हणाली. तिनं वाद घातला नाही, आणि ते त्याला वादापेक्षा झोंबलं.

पेडलची पिन तपासायला खाली डोकं घालायचं म्हणून त्यानं ड्रायव्हरपुढची रबरी चटई उचलली. ती त्यानंच दवाखान्याच्या खेपांसाठी आणली होती. गाडीत ओकारी झाली तर पुसायला सोपी. तिच्याखाली जुनी कापडी चटई होती. प्रत्येक प्लेटच्या वेळी तो ती गुंडाळून मागच्या सीटवर फेकायचा. चार वेळा फेकली असेल. आज गुंडाळायला वाकला आणि हात थांबला.

पेडलच्या डाव्या बाजूला, जिथे टाच टेकते तिथे, जाड निळ्या कापडाचं ठिगळ होतं. तळहाताएवढं, चारी कोपरे दुमडून, दुहेरी टाक्यानं शिवलेलं. मशीननं चटई शिवता येत नाही. हे हातानं, मोठ्या सुईनं केलेलं काम होतं. ठिगळाला मधोमध भोक पडलं होतं. भोकातून खालचं दुसरं ठिगळ दिसत होतं, करड्या रंगाचं. तेही झिजलेलं.

पेडलच्या खाली, जिथे पाय ठेवून बसणाऱ्याची टाच यायला हवी, तिथे चटईची लव अजून नव्यासारखी उभी होती.

मिस्त्री गुडघ्यावर बसून राहिला. तिनं पाय कुठे ठेवला होता, ते इथे लिहून ठेवल्यासारखं होतं. तो म्हणायचा तिथेच. इतकी वर्षं, इतक्या नेमानं, की चटई फाटली, तिनं ती शिवली, परत फाटली, परत शिवली. आणि गॅरेजमध्ये डबा घेऊन आली की दाराशी उभं राहून ऐकून घेतलं. एकदा जरी ही चटई आणून त्याच्या तोंडावर मारली असती! पण तारेच्या ढिलीचं एकदा बोलून बघितलं होतं तिनं, आणि काय उत्तर मिळालं तेही तिच्या लक्षात राहिलं असणार.

लेक त्याच्या मागे येऊन उभी राहिली होती. तिनं चटई बघितली. "निळं कापड माझ्या शाळेच्या दप्तराचं आहे," ती म्हणाली.

"मूर्ख माणूस," मिस्त्री म्हणाला.

"कोण?"

"तू नाही."

त्यानं चटईवरची धूळ हातानं झटकली. मग चटई परत जशी होती तशी पसरली, कोपरे ओढून सरळ केले, आणि रबरी चटई उचलून भंगारात टाकली.

दुपारी त्यानं केबल बांधली. सवयीनं हात नट आवळत गेला आणि त्यानं तो दोनदा मागे फिरवला. लेक आत बसून टेप लावून आकडे सांगत होती. "आठ. बारा. अजून. सतरा. थोडं अजून. वीस." पेडल आता आधी रिकामं जायचं आणि मग जोर लागायचा. त्याला ते अगदी बेवारस वाटलं, काही लागलेलंच नसल्यासारखं. पलीकडचा पोरगा बांधतो तसं. चढावर गाडी एका दमात टाकीपर्यंत गेली. वास नाही, किंचाळणं नाही.

परत येऊन तो सरळ कोपऱ्यात गेला आणि कारकुनाच्या गाडीचं बोनेट उघडलं. पिवळा ठिपका, एका रेषेत. तार ताठ. त्यानं बोनेट हळूच लावलं.

संध्याकाळी कारकून आला. दारातूनच त्यानं पाय पुढे केला, बक्षीस दाखवावं तसा. नवे बूट होते, तपकिरी, कागदासारख्या पातळ तळाचे.

"बघा मिस्त्री. काल सगळी दुकानं पालथी घातली. जमीन कशी कळते हो यातून! आणि मी घरी सरावही केला, खुर्चीत बसून. पाय उचलायचा, बाजूला ठेवायचा. बायको हसत होती. झाली का गाडी?"

मिस्त्री बुटांकडे बघत राहिला. इतकी वर्षं तो बूट बघत आला होता, पण या वेळी नजर वर चेहऱ्यापर्यंत नेणं त्याला जड गेलं. बाकावर लेक होती. ती पिशवीत काहीतरी शोधू लागली.

"गाडी सोमवारी देतो," तो म्हणाला. "बूट परत करा."

"का? चुकीचे आहेत?"

"बूट बरे आहेत. पायही बरा आहे तुमचा."

"मग प्लेट कोणी जाळली?"

"मी. तिन्ही." आणि मग केबल कशी ओढून बांधायचा, त्यानं काय होतं, हे त्यानं सांगितलं. सांगताना त्याचा आवाज नेहमीसारखाच खडूस होता. दुसऱ्या कुठल्या आवाजात बोलायची त्याला सवय नव्हती. "चार वर्षं तुम्हाला बोललो ते सगळं या हाताला उद्देशून होतं असं समजा. आणि दुसऱ्यांदा आलात तेव्हाच माझं ऐकून न घेता पलीकडे जायला हवं होतं."

कारकुनानं चष्मा काढला, पुसला, लावला. "मी बायकोला सांगितलं होतं, मी पाय ठेवत नाही," तो म्हणाला. "तिनं विश्वास ठेवला नव्हता."

"तिला आज सांगा. मी सांगितलं म्हणावं. हवं तर इथे घेऊन या, तिच्यासमोर सांगतो."

"ती येईल," कारकून म्हणाला, आणि नव्या बुटांत जरा जास्तच ताठ चालत गेला.

सोमवारी पहाटे लेक निघाली तेव्हा मिस्त्री आधीच गाडीपाशी उभा होता. तिनं सीट पुढे ओढली. आईपेक्षाही थोडी पुढे. गाडी सुरू केली. तो खिडकीतून आत वाकून बघत होता, आणि तिला कळलं तो कुठे बघतोय ते. तिनं क्लच दाबून गिअर टाकला, सोडला, आणि पाय डावीकडे नेला. टाच बरोबर निळ्या ठिगळावर टेकली.

"गिअर टाकताना तोंड कशाला वाकडं करतेस?" तो म्हणाला.

"तुमचंच तोंड आहे ते. आणखी काही?"

"महिन्यानं प्ले मोजायचा. प्लेट झिजते तसा तो कमी होतो."

"येते महिन्यानं. तुम्ही मोजा."

मिस्त्रीनं शर्टाच्या खिशातून पिवळी टेप काढली. शनिवारी ती बाकावरच राहिली होती. गुंडाळून त्यानं तिला दोरा बांधला होता, बायको बांधायची तसा. ती त्यानं खिडकीतून लेकीच्या मांडीवर ठेवली.

"तू मोज," तो म्हणाला. "मी काही सांगितलं तरी आधी मोज."